शाफ्टकडून पाहिलं तर

वहिनी मोजायला बसल्या की घरातली माणसं चपला हातात घेऊन चालायची. हा नियम कुणी भिंतीवर लिहून लावलेला नव्हता, पण घरातल्या मांजरालाही तो ठाऊक होता. साच्यावर तांब्याची तार चढत असते, दर फेऱ्याला ओठ हलत असतात, आणि अशा वेळी कुणी "अगं, मीठ कुठं ठेवलंस?" असं विचारलं की सगळं मुसळ केरात. सत्तर वेढ्यांच्या जागी एकोणसत्तर पडले तर मोटर लगेच तक्रार करत नाही. दोन महिन्यांनी जळून सांगते. म्हणून ज्याला मीठ हवं त्यानं ते शोधावं, न सापडल्यास अळणी खावं.

गिऱ्हाईकं त्यांना 'वाइंडिंगवाल्या वहिनी' म्हणत. पंखे, मिक्सर, पाण्याचे पंप, जे जळेल ते त्यांच्याकडे यायचं. जळकी तार काढायची, खाचा घासून साफ करायच्या, नवा कागद घालायचा आणि नवी तार भरायची. हे काम त्या वडिलांच्या दुकानात शिकल्या. वडिलांना मुलीला काही शिकवायचं होतं अशातला भाग नाही. त्यांची बोटं जाड होती आणि पंपाच्या खाचा अरुंद होत्या, एवढंच. "घरात खाचेत शिरतील अशी बोटं एकाच माणसाला आहेत," असं ते म्हणायचे, आणि दहा वर्षांच्या वहिनी शाळेतून आल्या की पाटी ठेवून तार हातात घ्यायच्या.

लग्न झालं ते गाड्यांच्या मिस्त्रीशी. पुढे मिस्त्रींचं गॅरेज, तीन गाड्या मावतील एवढं. वर मोठी पाटी, तिच्यावर इंजिनाचं चित्र आणि मिस्त्रींचं नाव. मागे एक खोली, तिला एकच खिडकी, आणि त्या खिडकीखाली वहिनींचं टेबल. भरलेल्या तारेवरचं वार्निश वाळवायला त्यांनी एका जुन्या लोखंडी कपाटात चार मोठे बल्ब बसवले होते. पाटीवर त्यांचा उल्लेख नव्हता. कुणी विचारलंच तर मिस्त्री म्हणत, "मागे हिचं पंख्याबिंख्याचं चालतं." त्या 'बिंख्या'वर वहिनींचा तीस वर्षं राग होता. पण राग चुलीत घालून त्या कामाला लागायच्या.

मोजणीचा नियम न पाळणारा घरात एकच माणूस होता, तो म्हणजे मिस्त्री. भिंतीपलीकडे त्यांचा हातोडा चालायचा, कॉम्प्रेसर धडधडायचा. "इंजिनाला थांब म्हणता येत नाही," हे त्यांचं उत्तर. मिस्त्रींची आणखी एक सवय होती. जे इंजिन त्यांनी पूर्ण उघडून पुन्हा बांधलं, त्याच्या अंगावर ते पंचानं, म्हणजे टोकदार पोलादी खिळ्यानं, तीन बारीक ठिपके उठवायचे. गावातल्या निम्म्या गाड्यांच्या पोटात ते तीन ठिपके होते. वहिनींनी हजारो मोटरी भरल्या, पण खूण कधी केली नाही. मिक्सरवर कोण खूण करतं!

लेकीच्या जन्माची गोष्ट तर सासूबाई येईल त्या पाहुण्याला ऐकवायच्या. एका दवाखान्याच्या पंपाची मोटर दुपारी द्यायची होती आणि सकाळीच कळा सुरू झाल्या. सासूबाईंनी डॉक्टरीणबाईंना बोलावणं धाडलं. त्या आपल्या काळ्या गोलमटोल गाडीतून आल्या. ती गाडी तेव्हाही जुनीच होती. इंजिन बाहेर तसंच सुरू ठेवून त्या मागच्या खोलीत आल्या, तर बाई एका हातानं टेबल धरून दुसऱ्यानं तार गुंडाळतेय आणि ओठ हलताहेत. डॉक्टरीणबाई दारातच उभ्या राहिल्या. बॅग हळूच खाली ठेवली. वहिनींनी शेवटचा वेढा घातला, तार कापली, टोकाला गाठ मारली आणि म्हणाल्या, "चला." तासाभरात मुलगी झाली.

"आमची नात मोजून घेतलेली आहे," सासूबाई म्हणायच्या. "एक वेढा कमी नाही."

ती मोजून घेतलेली लेक मोठी झाली आणि विजेच्या गाड्यांच्या कंपनीत दुरुस्ती विभागात लागली. झालं! घरात रोज जेवताना दोन पक्ष पडायला लागले.

"बाबा, तुमच्या पेट्रोलच्या इंजिनात हलणारे तुकडे किती? मोजता येणार नाहीत. आमच्या मोटरीत फिरणारा तुकडा एक. एक!"

"एकच आहे म्हणून तर मजा नाही. गाडी कशी, तिनं बोललं पाहिजे. तुमच्या गाड्या म्हणजे रुसलेल्या सुना. चालतात, पण तोंड उघडत नाहीत."

"ऑईल नको, प्लग नको, पट्टा नको."

"आणि मिस्त्रीही नको. ते म्हण ना."

यावर लेक खाली बघून भाकरी मोडायला लागायची, कारण ते खरं होतं. गॅरेजात तीन गाड्यांची जागा होती तिथं हल्ली एकच उभी दिसायची. विजेच्या गाड्या बिघडल्या तर आपल्या कंपनीकडे जात. वहिनी या वादात पडत नसत. फक्त एकदा भाजी वाढता वाढता म्हणाल्या, "पण ती आत जी फिरते ती मोटरच ना?"

"हो गं आई, पण ती तुझ्या पंपासारखी नसते."

"खाचा असतात?"

"असतात."

"तार तांब्याची?"

"तांब्याची."

"मग बहीणच की. चुलत असेल."

मिस्त्री मोठ्यानं हसले. वहिनींनी त्यांच्या पानात भाजी जरा कमीच वाढली.

मग त्या काळ्या गाडीचं इंजिन गेलं. पन्नास वर्षं डॉक्टरीणबाईंची सोबत केलेलं, चार वेळा मिस्त्रींनी उघडून बांधलेलं, अंगावर बारा ठिपके मिरवणारं इंजिन थंडीत तडकलं. ठोकळ्यालाच चीर. मिस्त्रींनी देशभर फोन केले. तो ठोकळा आता कुठं मिळत नव्हता, आणि जिथं होता तिथं त्यालाही चीर होती. तशात डॉक्टरीणबाई मोठं घर सोडून लेकीच्या इमारतीत राहायला निघाल्या होत्या. तिथं चालत्या गाडीला जागा मिळणार होती, बंद गाडीला नाही. महिनाअखेरीस गाडी एकतर स्वतःच्या चाकांवर जाणार होती, नाहीतर भंगारवाल्याच्या ट्रकवर.

मिस्त्री दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी लेक गॅरेजात येऊन म्हणाली, "इंजिन काढून मोटर बसवता येते. लोक करतात. गिअरबॉक्स तसाच ठेवायचा."

"आणि मोटर?"

"आमच्या आवारात अपघात झालेली एक मालवाहू गाडी पडून आहे. बॅटरी चांगली आहे, कंट्रोलर चांगला आहे. कंपनी सगळं विकायला तयार आहे. मोटर मात्र जळलीय. कंपनी म्हणते, ती भरता येत नाही, नवीनच घ्यावी लागेल. आणि नवीन यायला तीन महिने."

तेव्हा मागच्या दारातून आवाज आला. "आण ती. मी भरते."

सगळ्यांनी वळून पाहिलं. पुढच्या गॅरेजात उभं राहून वहिनींनी कामाबद्दल शब्द टाकण्याची ही पहिलीच वेळ होती. मिस्त्री म्हणाले, "अगं, हे मिक्सर नाही. ही वस्तू माणूस बसवून रस्त्यावर पळणार. आणि तेही डॉक्टरीणबाईंना."

"म्हणूनच मी भरते म्हणाले."

डॉक्टरीणबाईंना विचारलं. पंच्याहत्तरीच्या बाई, ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कळा येत असताना जी बाई वेढा चुकली नाही, ती आता काय चुकणार? करा. कागदपत्रांचं मी बघते."

विश्वास टाकणाऱ्याचं बरं असतं, तो मोकळा होतो. झोप उडते ती ज्याच्यावर टाकला त्याची. मोटर टेबलावर आली तेव्हा वहिनींनी आधी नुसता तिच्यावरून हात फिरवला. पंपाची मोटर कडेवर घेता येई, ही दोघांनी उचलून आणावी लागली होती. आतलं गुंडाळं जळून कोळसा झालेलं. कंपनी किती वेढे घालते ते कुणाला सांगत नाही. पण जळालेली तारही खोटं बोलत नाही. वहिनींनी एक गुंडाळं अख्खं कापून काढलं, पाण्यात उकळलं, आणि नातीची जट सोडवावी तसं धागा धागा करून सोडवलं. पंपात एकच तार सत्तर वेढे घेते. इथं चौदा तारा एकत्र धरून फक्त सहा वेढे होते.

"मोजणं थोडं आणि भरणं फार," त्या सासूबाईंना म्हणाल्या.

"संसारासारखंच की गं."

जास्त उष्णता सोसणारी तार मागवली. चौदा रिळं खिडकीच्या गजावर ओवली, चौदा तारा एका बोटातून घेतल्या. छत्तीस खाचांत त्या बसेपर्यंत बोटांची टोकं सोलून निघाली. एक तार जरी कागदाच्या कडेवर घासली तर पुन्हा कोळसा, म्हणून प्रत्येक खाच भरली की दिवा लावून तपासायची. आठ दिवस घरात कुकर वहिनींना विचारून लागला. मग वार्निश, मग चार बल्बांचं कपाट. दोन दिवस सगळ्या घराला वार्निशचा वास येत होता, आणि वहिनींना तो सुखाचा वाटत होता.

तिकडे मिस्त्री गिअरबॉक्स आणि मोटर जोडणारी जाड पट्टी घडवत होते. केसाएवढाही फरक चालत नाही, आणि मिस्त्रींच्या हाताला तो चालतही नसे. लेक सुट्टीच्या दिवशी येऊन बॅटरी आणि कंट्रोलर बसवत होती.

मोटर टेबलावर पहिल्यांदा फिरवायच्या आधी वहिनींनी भिंतीपलीकडे हाक मारली, "अहो, तुमचं ते इंजिन कुठल्या अंगानं फिरायचं?"

"घड्याळाच्या काट्यासारखं! हे काय विचारणं झालं?"

वहिनींनी तीन जाड टोकांना एक, दोन, तीन अशा चिठ्ठ्या बांधल्या. मोटर लावली. ती आवाज न करता घड्याळाच्या काट्यासारखी फिरली. वहिनींनी तिच्या अंगावर तळहात ठेवला. कंप नाही, ताप नाही. त्या तशाच बराच वेळ उभ्या राहिल्या. सासूबाई म्हणाल्या, "लेकरू बघावं तसं काय बघतेस?" वहिनींनी पदरानं मोटर पुसली.

महिनाअखेरीच्या आदल्या दिवशी सकाळी अकराला डॉक्टरीणबाई आल्या. चालवणार त्या स्वतः. मागच्या सीटवर सासूबाई आधीच जाऊन बसल्या होत्या. त्यांचं म्हणणं, पन्नास वर्षं ही गाडी बघतेय, एकदा आतून बघू द्या. मिस्त्रींनी मोटरीच्या तीन तारा कंट्रोलरला चिठ्ठ्यांप्रमाणे एकास एक, दोनास दोन, तीनास तीन जोडल्या होत्या. खरं तर चाकं हवेत उचलून आधी फिरवून बघायची असतात. गिऱ्हाइकाला मिस्त्री हे दहा वेळा सांगायचे. पण आज हौसेला घाई झाली होती. लेक म्हणालीसुद्धा, "बाबा, जॅक?" मिस्त्री म्हणाले, "पट्टी मी केलीय."

डॉक्टरीणबाईंनी सवयीनं चोक ओढला. त्याच्या मागे आता काही नव्हतं. मग पहिला गिअर टाकला आणि पाय दाबला.

गाडी मागे गेली.

गपचूप, तोंडातून हूं की चूं न काढता गाडी मागे सरकली आणि मिस्त्रींच्या ऑईलच्या डब्यांच्या मांडणीत जाऊन शिरली. डबे धडाधड कोसळले. डॉक्टरीणबाईंनी ब्रेक दाबला तेव्हा शेवटचा डबा अजून गरगरत होता. मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, "अगंबाई, ही तर माहेरी निघाली!"

कुणी हसलं नाही. मिस्त्रींचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. ते वहिनींकडे वळले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "वाइंडिंग चुकलं."

वहिनींच्या कानांत एकदम सगळं शांत झालं. छत्तीस खाचा, सहा वेढे, चौदा तारा. त्यांनी जागच्या जागी उभं राहून डोळे मिटले आणि पहिल्या खाचेपासून सगळं पुन्हा मनात भरून पाहिलं. ओठ हलत होते. लेक काहीतरी बोलायला गेली, डॉक्टरीणबाईंनी खिडकीतून हात वर करून तिला थांबवलं. त्यांना हे दृश्य ओळखीचं होतं.

वहिनींनी डोळे उघडले. "वेढा चुकलेला नाही," त्या म्हणाल्या. "अहो, घड्याळाच्या काट्यासारखं म्हणालात, ते कुठं उभं राहून?"

"कुठं म्हणजे? समोर! बॉनेट उघडलं की माणूस समोरच उभा राहतो. इंजिनात काय छपरावरून बघायचं?"

"आणि मोटरवाला शाफ्टकडून बघतो. जिथून दांडा बाहेर येतो तिथून. माझ्या वडिलांनी तसंच शिकवलंय, जगात सगळे वाइंडर तसंच बघतात."

"मग?"

"मग तो दांडा गाडीत कुठं तोंड करून आहे?"

मिस्त्रींनी बॉनेटखाली वाकून पाहिलं. दांडा मागे, गिअरबॉक्सकडे होता.

गाडीच्या मागच्या काचेवर सकाळच्या कामाची धूळ बसली होती. वहिनींनी तिच्यावर बोटानं एक गोल काढला आणि त्याला घड्याळाच्या काट्यासारखा बाण दिला. "आत्याबाई," त्यांनी आत बसलेल्या सासूबाईंना विचारलं, "बाण कुठल्या अंगानं फिरतोय?"

सासूबाईंनी आतून चष्मा वरखाली केला. "उलट्या!"

"बघा," वहिनी म्हणाल्या. "चाक एकच. तुम्ही पुढून बघितलं, मी मागून."

"तीस वर्षं हेच चाललंय दोघांचं," सासूबाई आतून म्हणाल्या, आणि आता मात्र डॉक्टरीणबाईंना हसू आवरलं नाही.

मिस्त्रींना अजून एक गोष्ट पचत नव्हती. "पण इंजिन उलटं फिरेलच कसं? मागे जायचं तर त्यासाठी गिअर असतो. इंजिन जन्मात उलटं फिरत नाही."

"पेट्रोलचं नाही फिरत," वहिनी म्हणाल्या. "माझं फिरतं."

हे वाक्य त्यांनी साधंच म्हटलं, पण ते गॅरेजभर ऐकू गेलं.

"म्हणजे आता सगळं उघडायचं? उद्या तर ट्रक येणार."

"दोन नट. तिनांतल्या कुठल्याही दोन तारा एकमेकींच्या जागी लावायच्या."

"बस?"

"बस."

लेकीनं आधी बॅटरीची मुख्य जोडणी काढली, रबरी हातमोजे आईला दिले. मिस्त्रींनी पाना पुढे केला. या गॅरेजात पाना पुढे करायचं काम आजवर त्यांनी कुणासाठी केलं नव्हतं. पाच मिनिटं लागली. या वेळी चाकं हवेत उचलून आधी फिरवली. मिस्त्रींनी पुढे उभं राहून पाहिलं, मग मुद्दाम मागे जाऊन, वाकून, पुन्हा पाहिलं.

डॉक्टरीणबाईंनी चोक ओढला, पहिला गिअर टाकला, आणि काळी गाडी पुढे निघाली. फाटकातून बाहेर, उजवीकडे, चढ चढून, वळणापर्यंत. मिस्त्री आणि वहिनी फाटकात उभे होते. मिस्त्रींना त्या गाडीचा आवाज पाठ होता. ती चढाला कुठं घोगरी होते, वळणावर कुठं श्वास घेते, सगळं. आज काहीच नाही. त्यांचे डोळे जरा भरून आले. पन्नास वर्षं बोलणारं माणूस मुकं झालं की कसं वाटतं, तसं त्यांना वाटलं असावं. वहिनींनी ते पाहिलं, आणि पाहिलं नाही असं केलं.

गाडी परत आली तशी मिस्त्रींची मान एकदम वर झाली.

"थांबा! डावं दार खडखडतंय. आणि मागची स्प्रिंग कुरकुरतेय. ऐकलं?"

"हे आधी नव्हतं हं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"होतं. इंजिनाच्या आवाजात कधी कळलंच नाही." मिस्त्री गाडीभोवती फिरत दारं, पत्रा, बिजागऱ्या ठोकून ऐकायला लागले होते. "वीस वर्षं लपून बसल्या होत्या या कुरकुरी. आता एकेकीला बाहेर काढतो." लेकीनं आईला कोपरानं ढोसलं. मिस्त्रींच्या कानांना पुन्हा काम मिळालं होतं.

डॉक्टरीणबाई उतरल्या. चढावर गाडी आधीपेक्षा सरस गेली, दुसरा गिअरसुद्धा लागला नाही, असं सांगताना त्यांचा हात बॉनेटवर होता. मग त्यांनी विचारलं, "मिस्त्री, इंजिन कुणाचं म्हणून सांगू तिथं इमारतीत? लोक विचारणार."

तीस वर्षं या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं होतं. मिस्त्रींनी हात पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं.

"हिचं," ते म्हणाले. "पट्टी माझी. मघाशी वाइंडिंग चुकलं म्हणालो, ते माझं तोंड चुकलं." आणि आत जाऊन त्यांनी आपला पंच आणि छोटा हातोडा आणला आणि वहिनींपुढे धरला. "खूण कर."

"माझी कुठं खूण आहे?"

"मग आज ठरव."

वहिनी पंच हातात घेऊन बॉनेटपाशी उभ्या राहिल्या. नाव घालावं तर बॉनेट बंद झाल्यावर वाचणार कोण, आणि ठिपके तर मिस्त्रींचे. मग त्यांना एकदम सुचलं. पुढे कुणी ही मोटर उघडेल, पुन्हा जोडेल, तेव्हा त्याचे डबे पडायला नकोत. त्यांनी मोटरीच्या अंगावर खडूनं एक वाकडा बाण काढला, शाफ्टकडून पाहिलं तर मोटर ज्या अंगानं फिरते त्या अंगाचा, आणि त्या रेघेवरून एकाला एक लागून ठिपके उठवायला सुरुवात केली. अंतर सारखं हवं. ओठ हलायला लागले.

मागच्या सीटवरून सासूबाईंनी मान बाहेर काढली. "अगं, चहा..."

मिस्त्रींनी चटकन ओठांवर बोट ठेवलं. मग चार पावलं मागे जाऊन त्यांनी कॉम्प्रेसरचं बटण बंद केलं.

"गप," ते कुजबुजले. "ती मोजतेय."